डोंगरातल्या रानाला पन्नास एचपीच लागतो म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात दाजींचा फोन आला. "पन्नासचा ट्रॅक्टर घ्यायलोय. सोमवारी इसार द्यायचाय, तू येतो का संगं?" दाजींचं रान बालाघाटाच्या डोंगरात, बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या वरच्या अंगाला. सात एकर. त्यात दोन एकर सीताफळ, बाकी तूर-बाजरीचं हलकं, मुरमाड रान, आणि सगळं उताराचं. पन्नास कशाला म्हणून विचारलं, तर भाच्यानं त्यांना एक मेसेज पाठवलेला. ‘डोंगराळ शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची माहिती’ या नावानं तो सगळीकडं फिरतोय. मला तो चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला. घरात इसार द्यायची वेळ आल्यावर सोडता येत नाही. एकवीस वर्षं ट्रॅक्टर खोलतोय, त्यात उलटलेलेही आले. म्हणून लिहितोय.

मेसेजातला पहिला मुद्दा असा, की डोंगरावर हवा विरळ, इंजिनाची ताकद निम्मी होते, म्हणून दुप्पट एचपी घ्या. हे लिहिणाऱ्यानं बालाघाटाला हिमालय समजलंय. बिनटर्बोच्या, म्हणजे हवा दाबून न भरणाऱ्या, डिझेल इंजिनाची ताकद उंचीनं घटते हे खरं, पण दर 300 मीटरला साधारण 3 टक्के. बालाघाटचा माथा धरा 600-700 मीटर, खाली परभणीकडं 350-400. म्हणजे परभणीत चालणारा ट्रॅक्टर दाजींच्या रानात आणला तर फरक पडतो 3 टक्क्यांच्या आसपास. एअर क्लीनर धुळीनं भरला तरी एवढी ताकद जाते. तो साफ करा, झालं.

दुसरा मुद्दा वाचून मला खरा राग आला. ‘वजनदार ट्रॅक्टर उतारावर उलटत नाही, हलका उलटतो.’ यावर विश्वास ठेवून माणूस आडव्या उताराला बिनधास्त जातो.

आडवा चालणारा ट्रॅक्टर किती उतारावर कलंडेल, हे दोन मापांवर ठरतं. एक, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. दोन, वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे. वजन या हिशेबात येतच नाही, 900 किलो असो की 2000. चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्या, त्याला मध्याच्या उंचीनं भागा. उत्तर जेवढं मोठं, तेवढा ट्रॅक्टर जास्त उतार सोसतो. समजा, लहान ट्रॅक्टरच्या चाकांत 90 सेंटिमीटर आणि मध्य 60 सेंटिमीटरवर, तर तो 37 अंशांना कलंडतो. मोठ्याचं अंतर 140 आणि मध्य 80 वर, तर 41 अंश. मोठा थोडा बरा दिसतो, मान्य. पण ते त्याच्या रुंदीमुळं, वजनामुळं नाही. आणि हे आकडे सपाट फळीवर उभ्या ट्रॅक्टरचे.

रानात फळी नसते. दाजींच्या सीताफळात मी परवा दहा फुटी बांबू धरला, वरचं टोक जमिनीला टेकवून बांबू पाणसळीनं सरळ केला आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडला. दोन फूट भरलं. म्हणजे साधारण 11 अंश. आता लहान ट्रॅक्टरचं वरचं चाक सहा इंची दगडावर चढलं, की चाकांतल्या तीन फुटांच्या मापाला साडेनऊ अंश एकदम वाढतात. त्याच वेळी खालचं चाक तेवढ्याच खोल ओघळीत गेलं, की आणखी नऊ-साडेनऊ. झाले तीस. वर लिफ्टवर उचललेलं अवजार असलं, गडी वळण घेत असला, तर 37 काही लांब नाही. आडव्या उताराला 15 अंशांच्या पुढं ट्रॅक्टर घालू नका म्हणतात ते यासाठी. मोठ्यालाही हेच लागू. उलट दोन टनांचा ट्रॅक्टर ताल-बांधाच्या कडेनं चालला की पावसाळ्यात कड खचते, आणि चाक एका बाजूनं खाली बसतं. माझ्याकडं आलेले दोन ट्रॅक्टर असेच गेले होते. दोन्ही मोठे.

म्हणून लहान ट्रॅक्टर घेताना झाडांच्या ओळीत मावेल तेवढं मागच्या चाकांचं अंतर रुंद करून घ्या. बऱ्याच मॉडेलला रिम उलटी बसवून ते वाढवता येतं. आणि सीटमागची लोखंडी कमान, म्हणजे रोल बार, मागून घ्या. स्वीडननं 1959 साली नव्या ट्रॅक्टरना ती सक्तीची केली. तिथं 1957 मध्ये दर लाख ट्रॅक्टरमागं उलटून 12 माणसं मरत होती, 1990 पर्यंत हा आकडा एकाच्याही खाली आला. सलग तीस वर्षांचा हिशेब आहे हा. कमान असेल तर सीट बेल्ट लावायचाच. कमान नसेल तर बेल्ट लावू नका, माणूस खाली दबतो. वजनाच्या मध्याची उंची डीलर सांगणार नाही, पण ट्रॅक्टरची चाचणी मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत होते. तिच्या अहवालात वजन, मध्याची जागा, पीटीओची (मागचं अवजार फिरवणाऱ्या दांड्याची) ताकद, वळणाची त्रिज्या, सगळं असतं. तो अहवाल मागा.

‘मिनी ट्रॅक्टर म्हणजे खेळणं.’ यात अर्धं खरं आहे, ते कबूल करतो. गोदाकाठच्या काळ्या रानात खोल नांगरट करायची असेल, किंवा भाड्यानं उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या असतील, तर 24 एचपीचं काम नाही. तिथं 45-50 बरोबर. नऊशे किलोच्या हेडला, म्हणजे नुसत्या ट्रॅक्टरला, तीन टनांची ट्रॉली जोडून घाटात उतरणं तर मरणच. पण दाजींच्या रानात मातीच वीतभर. खोल नांगरलं की खालचा मुरूम वर येतो आणि पुढची दोन वर्षं तूर पिवळी पडते. तिथं पाळी आणि रोटा, म्हणजे रोटाव्हेटर, बस्स. सीताफळाची लागण चार मीटरवर असली तरी फांद्या सोडून वाट उरते पाच-सहा फूट. पन्नासचा ट्रॅक्टरच जवळपास सहा फूट रुंद. म्हणजे दरवर्षी फांद्या मोडायच्या. लहानाला साडेतीन-चार फूट पुरतात, मागं चार फुटी रोटा. फक्त इंजिनाचे 24 वाचून भुलू नका. पीटीओवर 20-22 च मिळतात, रोटा त्यावर निवडायचा.

‘फोर व्हील घेतला की कसलाही उतार चालतो.’ फोर व्हील घ्याच, मीही तेच सांगतो. चढाला पकड मिळते. उतरताना तर फार उपयोगी, कारण ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. पुढची चाकं गिअरात जोडलेली असली की तीही थांबवायला लागतात. पण त्यानं ट्रॅक्टर रुंद होत नाही, कलंडायचा तो कलंडतोच.

आणि शेवटी, ‘घाट उतरताना न्यूट्रल करा, डिझेल वाचतं.’ हे ज्यानं लिहिलं त्यानं धारूरचा घाट भरलेली ट्रॉली घेऊन एकदा तरी उतरून दाखवावा. न्यूट्रल केलं की इंजिन धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नाही. ती मागून ढकलते, हेड आडवं होतं, आणि वेग घेतलेल्या ट्रॅक्टरला परत गिअर पडत नाही. आणि डिझेल वाचतं हेसुद्धा खोटं. गिअरात ॲक्सिलरेटर सोडून उतरताना पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळपास बंदच करतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. ज्या गिअरात चढता, त्याच गिअरात उतरा. घाटाच्या तोंडाशी थांबून दोन्ही ब्रेक पेडल खटक्यानं जोडली का ते हातानं बघा. शेतात वळायला सुटी केलेली पेडल तशीच राहतात, मग घाटात एकाच चाकाला ब्रेक लागतो.

रिसेल मोठ्याला जास्त येते म्हणतात. येत असेल. सात एकरांवर दुप्पट हप्ता भरून ती काढायची का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दाजींनी सोमवारी इसार दिला नाही. रविवारी आम्ही दोघं 24 आणि 28 एचपीचे दोन फोर व्हील बघायला जायलोय, टेप माझ्याच खिशात आहे. भाच्याला सांगितलंय, ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज टाकला, तिथं हे पण टाक.