'गार्डन पार्टी' आणि तो गोंगाट

अमेरिकन गायक रिक नेल्सनच्या 'गार्डन पार्टी' या गाण्यावरचा लेख आवडला. ते गाणं ज्या कार्यक्रमावरून सुचलं, तिथे त्याची हुर्यो उडवली गेली होती. पण प्रेक्षकांनी उडवलेल्या त्या हुर्योचं खापर त्याचे लांब केस आणि त्याने गायलेलं रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचं गाणं यांवर फोडून लेख पुढे सरकतो, ते पटलं नाही. १५ ऑक्टोबर १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुन्या रॉक अँड रोल गायकांचा कार्यक्रम होता. मागच्या बाजूला पोलीस काही जणांना हटवत होते आणि आरडाओरडा त्यावरून झाला, असंही सांगितलं जातं. रिकला मात्र तो आपल्यासाठीच वाटला आणि तो मंचावरून निघून गेला.

मला खरं मोल वाटतं ते त्यानंतरचं. हा मुलगा आईवडिलांच्या कार्यक्रमातून रेडिओ-टीव्हीवर सगळ्या अमेरिकेसमोर वाढला. १९५८ मध्ये त्याचं 'पुअर लिटल फूल' हे गाणं बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. लोकांना तोच पोरगेला रिकी हवा होता. एकतिसाव्या वर्षी कुणाला 'कालचा गायक' म्हणून उभं करणं किती क्रूर! तरी त्या प्रसंगावर 'गार्डन पार्टी' लिहिताना त्याने चिडकं गाणं लिहिलं नाही. चाल निवांत, कंट्री वळणाची, आणि सांगणं एवढंच की सगळ्यांना खूश करता येत नाही, स्वतःचं समाधान तरी राखावं. १९७२ मध्ये ते बिलबोर्डवर सहाव्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिल्या चाळिसांत पोचलेलं त्याचं हे शेवटचं गाणं.

गाण्यातले 'मिस्टर ह्यूज' म्हणजे त्याचा मित्र, बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन, हेही लेखात यायला हवं होतं.