सात रस्त्याला लाल दिवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय, अल्पवयीन पोरानं गाडी चालवली तर आईबापाला शिक्षा कशाला. दादाचं म्हणणं, हल्लीची पोरं ऐकतच नाहीत, बाप काय करणार. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद अन् २५ हजार दंड आहे, मला तरी ते बरोबरच वाटतं, पण माझं म्हणणं दंडाबद्दल नाहीच.

मी जर्मनीत राहते, स्टुटगार्टला. इकडं काही सिग्नलवर पायी चालणाऱ्यांसाठी पाटी असते, मुलांसमोर चांगलं उदाहरण ठेवा, हिरव्यावरच जा. रस्ता रिकामा, थंडीनं हात गारठलेत, तरी शेजारी एखादं लहान पोर उभं असलं की मोठी माणसं थांबतात, पोर कुणाचं का असेना. पोर नसलं तर बरेच जण जातात सरळ, तेही बघितलंय मी. पण पोर बघतंय म्हणून थांबतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि आमचा दादा? पोरगा चार वर्षांचा असताना त्याला गाडीवर पुढं उभं करून सोलापूरच्या सात रस्ता चौकात लाल सिग्नल तोडायचा, हेल्मेट डिकीत, फोन खांद्यात धरलेला. तोच पोरगा आता पंधराचा, क्लासला ॲक्टिव्हा घेऊन जातो. ऐकत नाही काय म्हणता, त्यानं सगळं नीट बघून घेतलंय की! १९६१ ला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ७२ मुलांवर प्रयोग केलेला, मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला हातोडीनं बडवताना ज्यांनी बघितलं त्यातल्या बऱ्याच मुलांनी नंतर तसंच बडवलं, तोंडानं शब्दही तेच. बडव म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

इकडचं सगळंच चांगलं असंही नाही. माझ्या पोरीला इथं घरात म्हातारं माणूस दिसतच नाही. गड्ड्याच्या यात्रेला सोलापूरला आलो तेव्हा आठ दिवसांत ती माझ्या आईशेजारी बसून पिठाचा गोळा थापायला लागली, अन् जेवायच्या आधी आजोबांना पाण्याचा तांब्या नेऊन द्यायला लागली, का तर दादाचा पोरगा रोज देतो. अन् त्यानं ते कुणाचं बघून उचललं? दादाचंच. पप्पांच्या आजारपणात दादानं जे केलं ते मी इतक्या लांबून करू शकले नाही, हे मला माहितीय.

म्हणूनच हक्कानं सांगते दादा, निदान तो मागं बसलेला असेल तेव्हा तरी सात रस्त्याला थांबत जा.