रोमन किल्ला पाहण्याची निर्दोष पद्धत

सम्राट हेड्रियनने इ. स. 122 च्या सुमारास उत्तर इंग्लंडमध्ये बांधावयास घेतलेली 117 किलोमीटरांची भिंत आणि तिच्यावरचा हाउसस्टेड्स किल्ला पाहण्याचा आपला विचार असेल, तर आधी मनात एक उत्तुंग, बुरुजबंद किल्ला उभा करून ठेवावा, म्हणजे प्रत्यक्षातले बुटके चौथरे पाहून होणारी निराशा दर्जेदार होते. न्यूकॅसलहून मोटारीने जाताना ‘भिंत कुठे आहे?’ असे चालकास सतत विचारत राहावे. 1745 च्या जॅकोबाइट उठावानंतर (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी झालेल्या बंडानंतर) लष्करी रस्ता बांधताना सरकारने कित्येक मैल हीच भिंत पाडून तिचे दगड रस्त्यात घातले, त्यामुळे आपण शोधत असलेली वस्तू काही काळ आपल्याच चाकांखाली असते. पण हे कळले तर प्रवासात विचारण्यासारखे काही उरत नाही.

वर पोहोचताच उत्तरेकडे बोट दाखवून ‘ते स्कॉटलंड’ असे जाहीर करावे. भिंत संपूर्णपणे इंग्लंडमध्ये आहे आणि सीमा बरीच पलीकडे आहे, असे कोणी म्हणालेच तर त्यास रसिकता नाही असे समजावे. येथील सैनिक इटलीहून आले होते, हेही ठामपणे सांगावे. येथे तैनात असलेली तुंग्री लोकांची पहिली पलटण आजच्या बेल्जियमच्या भागात उभारलेली होती आणि येथील काही जर्मन सैनिकांनी मार्स या रोमन युद्धदेवाला ‘थिंक्सस’ हे त्यांच्या मुलखातले नाव जोडून वेदी उभारली होती, या माहितीने रोमन साम्राज्याचे आपण आखलेले सुबक चित्र उगाच विस्कटते.

कोठारातील दगडी खुंट ही सैनिकांची आसने होती, असे मुलांना समजावून द्यावे. कोठाराची जमीन या खुंटांवर उचलून खालून वारा खेळता ठेवला की धान्य कोरडे राहते, हे खरे कारण सांगितले तर मुले आणखी प्रश्न विचारतात, आणि आपल्याला तर शौचालय गाठायचे असते. आग्नेय कोपऱ्यातील हे सामुदायिक शौचालय म्हणजे किल्ल्याचा मुकुटमणी होय. टेकडीवर पाण्याची चणचण असल्याने टाक्यांत साठवलेले पावसाचे पाणी मैला वाहून नेण्यासाठी खोल चरांतून सोडले जात असे, आणि चरांवरच्या लाकडी बैठकींवर सैनिक आडपडद्यावाचून शेजारीशेजारी बसत. ही जलव्यवस्था समजून घेण्यात वेळ दवडू नये. चराच्या काठावर, सूचनाफलक झाकला जाईल अशा बेताने बसून छायाचित्र काढून घ्यावे.

दक्षिण दरवाजाबाहेरील वस्तीत एका घराच्या जमिनीखाली दोन सांगाडे सापडले व त्यांपैकी एकाच्या बरगड्यांत सुरीचे टोक अडकलेले होते. मात्र तेथे फलकाखेरीज पाहण्यासारखे फारसे नसल्याने त्या खुनाचा विचार न करता वाहनतळाकडे उतरू लागावे. वाटेत धापा टाकत वर येणाऱ्या कोणी ‘काय आहे वर?’ असे विचारल्यास, शौचालय आहे पण ते चालू नाही, एवढे सांगून त्याची सोय करावी.