अर्पण म्हणजे बियाणं नव्हे

गेल्या सुगीपासून आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर एक निरोप फिरतोय. बीडच्या नातेवाइकांकडून आला, जालन्याच्या मैत्रिणीकडूनही आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : लोभ हे श्रीमंतांचं पाप आहे, गरिबाने त्याची काळजी करू नये. पैसा पापाचं मूळ नाही, पैशाची कमतरता हे पापाचं मूळ. देवाने अब्राहामाला श्रीमंत केलं, तुम्हालाही करेल. अजून तंगी असेल तर विश्वास कमी पडतोय. म्हणून अर्पणाचं बी पेरा आणि शंभरपट कापा. खाली क्यूआर कोड.

मी उत्तर द्यायचं ठरवलं ते आमच्या मावशीमुळे. दोन एकर कोरडवाहू, एकटी विधवा बाई. सोयाबीनच्या विक्रीची पट्टी आली, त्यातून हरभऱ्याच्या बियाण्यासाठी काढून ठेवलेले पाच हजार तिने नातवाकडून त्या कोडवर टाकून घेतले. पुढे बियाणं कृषी केंद्रातून उधारीवर आणलं. महिन्याभराने ती माझ्या ओट्यावर बसली, पदराच्या गाठीतून ती पट्टी काढली, उलगडली आणि म्हणाली, “माझा विश्वास कुठं कमी पडला गं?” पैसे गेल्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. देवाने आपल्याला नापास केलं, असं तिला वाटत होतं. हा प्रश्न तिच्या तोंडी ज्यांनी घातला त्यांना मी माफ करायचा प्रयत्न करतेय, अजून जमलेलं नाही.

आता शंभरपटीचं. मार्काच्या दहाव्या अध्यायातलं ते वचन पूर्ण वाचा. प्रभू येशू हे कोणाला सांगतो? ज्यांनी त्याच्यासाठी आणि सुवार्तेसाठी घर, भावंडं, आईबाप, शेतं सोडली त्यांना. आणि शंभरपट काय मिळेल? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्याच यादीत ‘छळणुकीसह’. शंभर आया म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे. मंडळीतल्या प्रत्येक म्हातारीने तुम्हाला आपलं लेकरू मानणं, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत ख्रिस्ती झाल्यावर गाव तुटलं, पाणवठा तुटला, त्यांना हे वचन समजावून सांगावं लागलं नाही. निरोपात मात्र ‘छळणुकीसह’ हा शब्दच गाळलाय.

मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातलं दहावं वचनही त्यात आहे : दशांश आणा, मग मी आकाशाची द्वारं उघडतो की नाही ते बघा. पण दशांश कशाला आणायचा हे त्याच वचनात दिलंय, ‘माझ्या मंदिरात अन्न असावे’ म्हणून. ते धान्य होतं, खायचं होतं. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय सांगतो की दर तिसऱ्या वर्षीचा दशांश आपल्याच गावात ठेवायचा. लेवी म्हणजे मंदिराची सेवा करणारे, परका, अनाथ, विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. म्हणजे नियमाप्रमाणे आमची मावशी ही घेणारी होती. तिच्याकडून घेतलं गेलं! आणि मलाखीतच पाच वचनं वर जाऊन बघा. देव कोणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? मजुराची मजुरी अडवणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध. उचल घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड्यांच्या आमच्या भागात हे पाचवं वचन दहाव्याच्या आधी वाचलं पाहिजे.

अर्पण देऊ नका, असं मी म्हणत नाही. आमच्या सुगीच्या सणाला कोणी कोंबडीचं अंडं आणतं, कोणी दोन भोपळे, कोणी पायलीभर जोंधळा. मग लिलाव होतो आणि त्या एका अंड्याची बोली तीनशेवर जाते. पैसे मंडळीला, आणि अंडं आणणारी बाई टाळ्या वाजवत असते. तिला परत काही नको असतं. प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो तो संतोषाने देणारा हाच. परताव्याच्या हिशेबाने दिलं की देणंच हाव होऊन बसतं, माझा मुख्य आक्षेप हा आहे.

‘तंगी म्हणजे विश्वासाची कमतरता’ हे वाक्य 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसासमोर म्हणून दाखवा. सुकडीवर दिवस काढून, रात्री कंदिलाजवळ स्तोत्रं म्हणणारी माणसं होती ती. एकोणिसाव्या शतकातले ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं ते बहुतेक अशाच फाटक्या लोकांना घेऊन. त्यांचा विश्वास कमी होता म्हणायचं?

अब्राहाम श्रीमंत होता, खरं. पण सदोमाचा राजा लुटीचा माल देऊ लागला तेव्हा ‘सूत नको, वहाणेचा बंदही नको’ म्हणणारा तोच.

पैसा पापाचं मूळ नाही, इतपत निरोप बरोबर आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात द्रव्याचा लोभ हे मूळ म्हटलंय. मात्र तिथेही पाच वचनं वर, भक्ती हे कमाईचं साधन समजणाऱ्यांबद्दल पौलाने जे लिहिलंय ते निरोप लिहिणाऱ्याने वाचायला हवं होतं.

राहिलं पहिलं, लोभ श्रीमंतांचा. लूकच्या बाराव्या अध्यायात येशू लोभापासून सांभाळा म्हणतो ते कशावरून? गर्दीतला एक जण म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. भावकीचं भांडण! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘आणखी असावं’. आपल्याकडे त्याला हाव म्हणतात, आणि ती एकरावर मोजून येत नाही. दर नांगरटीला वीतभर बांध कोरणारा माणूस दोन एकरवालाही असतो. मीही त्याच मातीतली आहे. आमच्या वाटणीत विहिरीच्या पाळीवरून मी भावाशी दोन वर्षं बोलले नव्हते.

त्यानंतरच येशू कोठारं मोडून मोठी बांधणाऱ्याची गोष्ट सांगतो. ती ऐकवून कोणी शेतकऱ्याला माल साठवल्याबद्दल बोल लावू नये. 2024 च्या हंगामात सोयाबीनला हमीभाव क्विंटलला 4892 रुपये होता आणि अडतीत त्याहून कमी मिळत होता. माल थोपवून धरणारा हक्काचं मागत होता. गोष्टीतला माणूस वेगळा. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, असं तो एकटाच स्वतःशी बोलतो. त्याच्या बोलण्यात दुसरं माणूसच येत नाही.

शास्त्राने हावेवर घातलेला बांध मला लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सापडतो : शेताच्या कडा पुरत्या कापू नको, पडलेला सरवा वेचू नको, गरिबाला आणि परक्याला राहू दे. बायबलातली रूथ सरवा वेचत होती, तशीच माझी आईही. मळणी झाली की वस्तीवरच्या बाया पाट्या घेऊन निघायच्या. काही शेतमालक दुसऱ्याच दिवशी रानात शेळ्या सोडायचे. एक आजोबा मात्र चार दिवस थांबायचे. आईने त्यांचं नाव शेवटपर्यंत प्रार्थनेत घेतलं.

यंदा मावशीच्या रानातलं सोयाबीन निघालं तेव्हा मी तिथे होते. कडेची दोन तासं तिने तशीच उभी ठेवली होती. वस्तीवरच्या तिघी जणी बांधावर येऊन घुटमळल्या, तशी ती म्हणाली, “या गं, वेचा. धसकटं टोचतील, चपला राहू द्या पायात.”