तुमची सर्दी कासवाला लागत नाही

पावसाळ्यात एक मेसेज हमखास फिरतो: ‘घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर कासवाला लांब ठेवा. त्याला माणसाचा फ्लू होतो, नाकातून फुगे येतात. कोरोनाही सापातूनच आला होता. लहान मुलांच्या औषधाचे दोन थेंब द्या.’

यातले फुगे तेवढे खरे.

माणसाचा फ्लू माणसाच्या श्वासनलिकेला आणि ३७ अंशांच्या उबेला सरावलेला असतो. कासवाचं अंग भोवतालच्या पाण्याइतकंच गार, त्यामुळे आपला फ्लू तिथे मूळ धरत नाही. मग फुगे कशाचे? पावसाळी गारठ्यात तुम्ही शिंकता, त्याच गारठ्यात हीटर नसलेल्या टँकमधल्या पाण्याचं तापमानही उतरतं. कासवाची प्रतिकारशक्ती उबेवर चालते. ती मंदावली की टँकमध्ये आधीपासूनच असलेले जिवाणू फुप्फुसात शिरतात. त्यात वर्षभर नुसता सुका जवळा खाऊ घातलेला असेल तर अ जीवनसत्त्वाची वानवा. डोळे सुजतात, श्वासमार्गाचं अस्तर खराब होतं. बरं, त्याला आपल्यासारखं श्वासपटल नाही, खोकून कफ काढता येत नाही. म्हणून ते मान ताणून तोंडाने श्वास घेतं, पोहताना एका कुशीवर कलतं. कललेलं दिसलं की थांबू नका, सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य गाठा.

कोरोनाचं म्हणाल तर जानेवारी २०२० मध्ये एका चिनी शोधनिबंधाने जनुकांच्या आकडेमोडीवरून सापांकडे बोट दाखवलं होतं. इतर शास्त्रज्ञांनी ते लगेच खोडून काढलं. माणसाकडून कोरोना गेला तो मांजरांना, कुत्र्यांना, फरसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यांना. २०२१ मध्ये हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयातल्या आठ सिंहांमध्येही तो सापडला. सगळे सस्तन प्राणी.

‘दोन थेंब’ मात्र सरळसरळ जीवघेणे ठरू शकतात. माणसांना जंतांवर देतात ते आयव्हरमेक्टिन कासवाला विषासारखं आहे. घरातलं कुठलंच औषध अंदाजाने देऊ नका.

खरी भीती उलट्या दिशेची. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला, म्हणजे माणसाला जुलाब-ताप आणणारा जिवाणू, असू शकतो. मुलं पिटुकली कासवं तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली. टँक स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुणाऱ्यांनी हे वाचावं.

आपल्या हातून कासवाला काहीच लागत नाही, असंही नाही. एका टँकमधले जंतू दुसऱ्यात नेणारे आपलेच हात असतात. दोन टँक असतील तर मध्ये साबण लावा, आणि आजारी कासवाचं पाणी शेवटी बदला.