‘वर्ष झाले, आता थेट आयव्हीएफ’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

नागपुरातील नातेवाइकांच्या आणि महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: लग्नाला वर्ष होऊनही दिवस राहिले नाहीत तर दोष सुनेत असतो, तपासण्यांत वेळ न दवडता थेट आयव्हीएफ (स्त्रीबीज व शुक्राणूंचे शरीराबाहेर, प्रयोगशाळेत मीलन; ‘टेस्ट ट्यूब बेबी’) करावे, कायदा पन्नाशीपर्यंत परवानगी देतो, म्हणून वयाची चिंता नको, मात्र प्रयोगशाळेत दुसऱ्याचे बीज (स्त्रीबीज किंवा शुक्राणू) मिसळतात, तेव्हा सावध राहावे. उपचाराची घाई आणि उपचाराची भीती एकाच संदेशात कशी नांदते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पहिली चूक वर्ष मोजण्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतील बारा महिने लग्नाच्या तारखेपासून नव्हे, तर गर्भनिरोधकाविना नियमित संबंधांचे धरतात. नवरा पुण्यात नोकरीला असून महिन्यातून दोन दिवस नागपूरला येत असेल, तर त्या वर्षाला फारसा अर्थ नाही. उलट पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांनंतर डॉक्टरांना भेटावे.

दोष सुनेतच, हे विधान तर सरळ खोटे आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकट्याने किंवा जोडीने असते. तरीही सुनेच्या सोनोग्राफीची फाइल जाड होत जाते आणि मुलाची वीर्यतपासणी, जी स्वस्त आहे आणि ज्यात सुईसुद्धा टोचावी लागत नाही, ती करायचे कोणी सुचवत नाही. या तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे लागते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागत असल्याने मधल्या काळात आलेल्या तापाचा परिणामही अहवालात दिसू शकतो, म्हणून एका खराब अहवालावर निर्णय न घेता तपासणी पुन्हा करतात. शरीर कमावण्यासाठी जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात, हे तरुणांना आणि त्यांच्या आईवडिलांना क्वचितच माहीत असते.

थेट आयव्हीएफ का नको, याचे उत्तर कारणांच्या विविधतेत आहे. पीसीओएसमुळे (संप्रेरकांच्या बिघाडाने होणारा बीजकोशांचा विकार) बीज वेळेवर फुटत नसेल तर बीज फुटण्यास मदत करणाऱ्या लेट्रोझोलच्या गोळ्यांनीही गर्भ राहू शकतो. थायरॉईडचा बिघाड असेल तर आधी तो सुधारावा लागतो. आणि आपल्या देशात क्षयरोगाने गर्भनलिका व गर्भाशयाचे अस्तर खराब होण्याचे प्रमाण दुर्लक्षिण्याजोगे नाही, तेथे आधी क्षयाचे उपचार हवेत. किमान एक नलिका मोकळी असेल आणि शुक्राणू बऱ्यापैकी असतील तर आययूआयचा (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडण्याचा) विचार होतो. दोन्ही नलिका बंद असतील किंवा शुक्राणू फारच कमी असतील, तर मात्र आयव्हीएफ किंवा इक्सी (एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत) हाच योग्य मार्ग आहे आणि तेथे चालढकल नुकसानीची ठरते. विदर्भात आणखी एक प्रसंग येतो. पती-पत्नी दोघेही सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक (स्वतः आजारी नसले तरी दोषी जनुक बाळगणारे) असतील, तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता २५ टक्के असते; अशा वेळी आयव्हीएफमध्ये भ्रूणाची तपासणी करून निवड करता येते. पण त्यासाठी दोघांची रक्ततपासणी आधी व्हायला हवी, आणि संदेश नेमक्या तपासण्याच टाळायला सांगतो.

वयाविषयी थोडक्यात सांगतो. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने स्त्रीसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा घातली आहे. ती परवानगीची सीमा आहे, यशाची ग्वाही नव्हे. स्त्रीबीजांची संख्या आणि गुणवत्ता पस्तिशीनंतर वेगाने घटते, आणि स्वतःची बीजे वापरताना आयव्हीएफ ती घट भरून काढू शकत नाही.

राहिली दुसऱ्याच्या बीजाची भीती. दात्याचे बीज वापरायचे असल्यास याच कायद्यानुसार लेखी संमती लागते. स्त्रीबीज देणारी २३ ते ३५ वयाची असावी लागते आणि तिला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते. म्हणून केंद्र नागपुरातल्या धंतोलीतले असो की रामदासपेठेतले, त्याची नोंदणी विचारावी, संमतीपत्र मराठीत समजावून घ्यावे, आणि त्यात दात्याचा उल्लेख कोठे आहे हे पाहूनच दोघांनी सही करावी.