लोकलचं उदाहरण चुकलं, गर्दीचा मुद्दा मात्र अर्धाच पटला

काका, तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली, सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली, आणि मग माझाच लेख नव्याने वाचायला घेतला. कोरोनाचा जास्त पसरणारा व्हेरियंट, म्हणजे विषाणूचा बदललेला प्रकार, जुन्याला मागे टाकून प्रबळ कसा होतो, हे मी त्यात फास्ट आणि स्लो लोकलच्या उदाहरणाने सांगितलं होतं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. 'जास्त पसरतो म्हणून प्रबळ, आणि प्रबळ झाला म्हणजे जास्त पसरणारा, हे नुसतं गोल फिरणं आहे. फास्ट लोकल आधी पोचते म्हणून स्लो लोकल बंद पडत नाही, मग जुना व्हेरियंट गेला कुठे? खरं कारण गर्दी. १ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सगळ्यांसाठी सुरू झाली आणि तिथून लाट आली. डेल्टा हे मागाहून चिकटवलेलं लेबल.' (डेल्टा म्हणजे त्या दुसऱ्या लाटेत प्रबळ झालेला व्हेरियंट.) जाता जाता, लसीमुळेच व्हेरियंट तयार झाले, असा एक चिमटाही काढलात. नेरूळला राहतो आणि आयुष्यभर बँकेत आकडे तपासले, असं तुम्ही लिहिलं नसतंत तरी ओळखलं असतं.

लोकलवर तुम्ही मला पकडलंत. ठाण्याहून फास्ट सुटली तरी स्लो आपली मुलुंड, नाहूर करत जातेच. व्हेरियंटचं तसं नसतं, कारण दोघांना प्रवासी एकच लागतो. नव्याची लागण होऊन गेलेला माणूस काही महिने तरी जुन्याच्या फारसा उपयोगाचा राहत नाही. पण हेही अर्धंच झालं. जुना संपतो त्याचं मोठं कारण वेगळंच आहे, आणि ते तुम्हाला तुमच्याच भाषेत सांगता येईल.

दोन खाती धरा. पहिल्यात १००० रुपये, दुसऱ्यात फक्त १०. मास्क, बंदी, लोकांनी घेतलेली धास्ती यांमुळे पहिलं खातं दर पाच दिवसांनी २० टक्क्यांनी घटतंय. दुसरं त्याच काळात, त्याच बंदीत, २० टक्क्यांनी वाढतंय. पन्नास दिवसांनी पहिल्यात १०७ उरतील, दुसऱ्यात ६२ होतील. बेरीज १६९. म्हणजे एकूण आकडा हजारावरून पावणेदोनशेच्या आत आला, साथ ओसरली म्हणून आपण लग्नाचे हॉल बुक करायला मोकळे. आणखी दहा दिवसांनी पहिल्यात ६९, दुसऱ्यात ८९. आता नवा 'प्रबळ' झाला, आणि बेरीज तळाला टेकून वर निघाली. जुन्याला कुणी हाकललं नाही. तो आपल्या उताराने उतरतच होता.

आकडे मी सोपे करून घेतलेत, पण इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२० च्या लॉकडाउनमध्ये जवळपास हेच झालं. जुने प्रकार घटत होते आणि त्याच निर्बंधांमध्ये अल्फा नावाचा नवा व्हेरियंट वाढत होता. आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ च्या सुरुवातीला देशभरात दिवसाला दहा-अकरा हजार रुग्ण सापडत होते, मे उजाडेपर्यंत ४ लाखांच्या वर.

आता तुमची गर्दी. त्याच दोन खात्यांत लोकल सुरू करा. समजा गर्दीने प्रसार सव्वापट झाला. ०.८ चा झाला १.०, आणि १.२ चा झाला १.५. दोघांचं गुणोत्तर आधीही दीडपट होतं, आताही दीडपटच आहे. गर्दीने अंश आणि छेद दोन्ही वाढतात. लाट केवढी उसळणार हे गर्दीवर ठरतं, अगदी मान्य. पण त्या लाटेत कुणाचा वाटा किती, हे गर्दीवरून कळत नाही. शिवाय २०२१ च्या फेब्रुवारीत रुग्ण वाढले ते अमरावतीतही, इतके की त्याच महिन्यात तिथे लॉकडाउन लावावा लागला. अमरावतीला आपल्यासारखी लोकल नाही, काका.

तरीही तुमचा 'गोल फिरण्याचा' आक्षेप मला झटकता येत नाही. एखाद्या प्रकाराचा वाटा वाढला, एवढ्यावरून तो जात्याच चलाख ठरत नाही. नशिबानेही वाढतो. वाशीचा घाऊक बाजार, एपीएमसी मार्केट, आठवा, मे २०२० मध्ये बंद ठेवायची वेळ आली होती. अशा ठिकाणी पहाटेच्या ट्रकबरोबर विषाणूचा जो प्रकार पहिल्यांदा शिरेल, तो फुकटात शहरभर जाईल. त्यात त्याचं कर्तृत्व शून्य. युरोपात याचं मोठं उदाहरण घडलं. २०२० च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये पसरलेला बी.१.१७७ नावाचा प्रकार शरद ऋतूपर्यंत बऱ्याच देशांत मुख्य होऊन बसला. सगळ्यांना वाटलं, हा जास्त पसरणारा दिसतोय. निघालं असं की लोक सुट्टीला स्पेनला गेले आणि परतताना घेऊन आले. बस, एवढंच.

मग नशीब आणि ताकद वेगळी कशी काढायची? शर्यत अनेकदा, वेगवेगळ्या मैदानांवर लावून. नशीब एका बाजारात साथ देईल, दोन देशांत देईल. डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातले, ऑक्टोबर २०२० चे. आपल्याकडे तेव्हा तपासलेले नमुने मूठभर होते, आणि जिथे रुग्ण अचानक वाढले तिथूनच ते जास्त घेतले जात. म्हणून फक्त भारतातल्या आकड्यांवर विसंबू नका, हा तुमचा संशय रास्त आहे. पण पुढे हाच डेल्टा ब्रिटनमध्ये गेला. तिथे हवा वेगळी, निम्म्याहून जास्त प्रौढांना लसीचा निदान एक डोस मिळालेला, कोणता व्हेरियंट आहे हे सांगणारी जनुकीय तपासणी भरपूर, आणि गादीवर आधीच अल्फासारखा तगडा गडी. एप्रिल २०२१ मध्ये किरकोळ असलेला डेल्टा जूनच्या मध्यापर्यंत तिथे ९० टक्क्यांच्या पुढे गेला. मग अमेरिकेतही तेच. प्रत्येक ठिकाणी गर्दी निराळी, निकाल एकच. माझ्या लेखात हा भाग यायलाच हवा होता. तो नव्हता, म्हणून तुम्हाला ते गोल फिरणं वाटलं.

पण 'ताकद' हा शब्दही जपून वापरायला हवा, कारण ती एकट्या विषाणूची नसते. दक्षिण आफ्रिकेतला बीटा व्हेरियंट प्रतिकारशक्तीला चकवण्यात अल्फापेक्षा वरचढ होता, तरी तो जगभर पसरला नाही. कारण २०२१ च्या सुरुवातीला बहुतेकांकडे चकवण्याजोगी प्रतिकारशक्तीच नव्हती! कुलूपच नसलेल्या घरात चोराच्या किल्लीला काय किंमत? वर्षअखेरीला लसी आणि दुसरी लाट यांमुळे घरोघर कुलपं आली, आणि किल्लीवाला ओमायक्रॉन नेमका तेव्हा आला. २४ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेने त्याची खबर दिली आणि ४ डिसेंबरला महाराष्ट्रातला पहिला रुग्ण आपल्या शेजारी डोंबिवलीत सापडला. ओमायक्रॉनमध्ये लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ तीनेक दिवसांवर आला होता, मूळ विषाणूत तो पाचेक दिवस होता. म्हणजे पुढच्याला लागणही लवकर. व्याजाचा दर तोच ठेवून व्याज पाचाऐवजी तीन दिवसांनी चढवलं तर काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगणार! जानेवारीत आमच्या बिल्डिंगमध्ये सोमवारी एका घरात खोकला होता, रविवारपर्यंत चारही मजल्यांवर.

लसीमुळे व्हेरियंट तयार झाले, हे मात्र तारखांतच बसत नाही. बीटाचे नमुने मे २०२० चे, अल्फाचे सप्टेंबरचे, डेल्टाचे ऑक्टोबरचे. ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झालं ८ डिसेंबरला, आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला. लोकांमध्ये प्रतिकारशक्ती आल्यावर तिला चकवणाऱ्या प्रकारांना वाव मिळतो हे खरं, पण ती आजारातून आलेली असो वा लसीतून, विषाणूला त्याचं सोयरसुतक नाही.

तुमच्या ओळींखाली एकांनी 'विषाणू शेवटी सौम्यच होतो' असंही लिहिलंय. त्यांनी क्रम पाहावा. अल्फा मूळ प्रकारापेक्षा तापदायक, डेल्टा अल्फापेक्षा. बहुतेक प्रसार माणूस ऑक्सिजनवर जायच्या आधीच होऊन जातो. त्यानंतर रुग्ण वाचला की गेला, याने विषाणूच्या शर्यतीत फारसा फरक पडत नाही. ओमायक्रॉन सौम्य निघाला हे आपलं नशीब, आणि काही अंशी आपली आधीची प्रतिकारशक्ती. २०२२ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये लस न घेतलेल्या वृद्धांना त्याने सौम्यपणा दाखवला नाही.

मूळ लेखात दोन बदल केलेत. लोकलचा परिच्छेद काढून तिथे वरची दोन खाती घातलीत. आणि 'विषाणूने स्वतःला बदललं' या वाक्यावर रेघ मारलीय, वाक्य दिसेल असं ठेवून. तो काही ठरवून बदलत नाही. जवळपास तीस हजार अक्षरांची आपली जनुकीय पोथी उतरवून काढताना त्याच्याकडून चुका होतात, महिन्याला साधारण दोन टिकतात, आणि त्यातली एखादी कधीतरी कामाला येते. हे तुम्ही पकडलं नव्हतंत, पण तुमच्यामुळे लेख पुन्हा वाचताना मलाच सापडलं.